चार बोटं पत्र

वरवे बुद्रुकात काटकसर हा शब्द फार जपून वापरत. आपल्या घरात चालते ती काटकसर, शेजारच्या घरात चालतो तो चिक्कूपणा आणि सोयऱ्यांच्या घरात दिसतात ती दळभद्री लक्षणं, असा गावाचा सरळ हिशेब होता. अपवाद एका धोंडाबाईंच्या घराचा. त्या घराला मात्र सगळं गाव, अगदी भावकीसुद्धा, काटकसरीचं घर म्हणायचं, आणि भावकीनं बरं म्हटलं म्हणजे त्यात तथ्य असणारच.

धोंडाबाईंच्या चुलीतला विस्तव दोन वर्षं विझला नव्हता. संध्याकाळचा स्वयंपाक उरकला की शेणीचा निखारा राखेत पुरायचा आणि सकाळी राख बाजूला करून फुंकर घालायची, त्यामुळे काडी ओढायचं काम नाही. लढाई लागली आणि बाजारातून रॉकेल, काडेपेट्या, कापड एकामागून एक नाहीसं झालं, तेव्हा अख्खी आळी सकाळी खापर घेऊन त्यांच्या दारात विस्तवाला येऊ लागली. बाकीच्यांना लढाईनं काटकसर शिकवली. धोंडाबाई आधीपासूनच तयारीत बसलेल्या होत्या, म्हणा ना.

त्यांची सून साळूबाई. वय तेवीसच्या आसपास, अंगानं बारीक, बोलण्याला कमी. चौदाव्या वर्षी या घरात आली आणि सासूच्या हाताखाली अशी तयार झाली की पुढंपुढं सासूच तिच्याकडे बघून मान डोलवायची. गुळाचा खडा दातांनी फोडायचा नाही, गालात धरायचा आणि धुणं धुऊन होईपर्यंत पुरवायचा, हे साळूनं सासूकडून घेतलं. तो जेवणापर्यंत पुरवायचा, ही तिची स्वतःची भर.

घरात पुरुषमाणूस नव्हतं. गेनबा, धोंडाबाईंचा एकुलता एक मुलगा आणि साळूचा नवरा, तीन वर्षांपूर्वी पलटणीत भरती होऊन दर्यापार गेला होता. तीन वर्षांत त्याची दोन पत्रं आली. दोघींनाही वाचता येत नव्हतं. नसरापूरच्या बाजारात भोरचे हनीफचाचा शिंपी दर आठवड्याला बैलगाडीतून मशीन आणून बसत, ते वाचून देत. दुसरं पत्र त्यांनी बाजाराच्या गर्दीत एका दमात वाचलं. साळू लक्ष देऊन ऐकत होती, पण बाजार सोडून मोठ्या सडकेला लागेपर्यंत तिच्याजवळ एक 'सुखरूप' एवढाच शब्द उरला. बाकीचं कुठं सांडलं कळलंच नाही. वर्षाकाठी एक पत्र आणि ते असं घटकेत संपून जावं याचं तिला इतकं वाईट वाटलं की वाटेत बाभळीखाली बसून ती रडली. घरी सासूला तिनं सांगितलं की गेनबा सुखरूप आहे. सासूनं विचारलं, आणखी काय? आणखी काही तिच्याजवळ नव्हतं.

तिसरं पत्र आलं ते दत्तजयंतीच्या दिवशी, आणि टपालानं नाही तर हाती आलं. मार्गासनीचा चिमाजी गेनबाच्याच पलटणीतला. हाताची दोन बोटं गेली म्हणून त्याला घरी पाठवलं होतं, तो जाताजाता वरव्याला उतरला. त्यानं सगळी खबर तोंडीच दिली. गेनबा परत आला आहे, बेळगावात आहे. मांडीला जखम झाली होती, ती भरली. तब्येत उत्तम. रजा मात्र मिळत नाही, आणि आज ना उद्या पुन्हा कुठंतरी धाडतील, कधी ते साहेबालाच ठाऊक. एवढं सांगून, गूळपाणी घेऊन, घडी घातलेले दोन जाड कागद ठेवून चिमाजी वेल्ह्याच्या वाटेला लागला.

बेळगाव! साळूला बेळगाव कुठं आहे हे ठाऊक नव्हतं, पण आपल्या वावराच्या कडेनं जाणारी सडकच पुढं साताऱ्याहून तिकडे जाते, एवढं तिनं ऐकलं होतं. म्हणजे तो आणि ती एकाच सडकेवर होते. त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट घोळू लागली. पुन्हा दर्यापार धाडायच्या आधी हा माणूस एकदा, नुसता एकदा, नजरेला पडेल का? देवाकडे तिनं दुसरं काही मागितलं नाही. मागण्यातही तिची काटकसर होतीच.

आणि पत्राचं तिनं ठरवून टाकलं. खबर तर चिमाजीनं दिलीच होती, तेव्हा घाई कशाची? हे पत्र सांडू द्यायचं नाही. पुरवून ऐकायचं. सासूला विचारलं, तर धोंडाबाईंना ती कल्पना इतकी पसंत पडली की त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. असा हात त्यांनी क्वचितच फिरवला असेल.

पहिल्या बाजारी हनीफचाचांनी कागद उलगडले आणि चष्मा सारखा केला, तोच साळूनं कागदावर आपली चार बोटं आडवी ठेवली. चार बोटं रुंदी भरेल तेवढंच वाचायचं, म्हणाली. बाकीचं पुढल्या बाजारी. चाचांची दाढी पांढरी व्हायला आली होती. हजारो कागद त्यांनी लोकांना वाचून दिले होते, पण असं गिऱ्हाईक त्यांना भेटलं नव्हतं. ते हसले नाहीत. कापडाची लाकडी पट्टी घेऊन त्यांनी खालचा मजकूर झाकला, वरचा वाचला आणि थांबले तिथं एक टाचणी टोचून दिली. लोकांचं पत्र सांगतील तेवढंच वाचायचं, हा त्यांचा बाणा होता.

पहिल्या चार बोटांत दर्या होता. पत्र रीतीप्रमाणे आईला होतं. सूनबाईचा त्यात उल्लेख नव्हता, आणि तो नसतोच. 'आईस गेनबाचा साष्टांग दंडवत. बोटीत एकवीस दिवस होतो. दर्याचं पाणी सकाळी जांभळासारखं दिसतं आणि दुपारी पोपटी. त्याला कड नाही. बोटीतून खाली बघितलं की वाटतं, हे चालतंय की आपण.'

एवढ्यावर साळूचा आठवडा गेला. ती ओढ्यावर धुणं घेऊन बसायची आणि ओढ्याची पलीकडची कड हळूहळू नाहीशी व्हायची. पाणी पसरत पसरत ज्वारीच्या ताटांत शिरायचं, ताटं बुडायची, डोंगर बुडायचा, आणि त्या जांभळ्या पाण्यावर गेनबा उभा राहून म्हणायचा, अगं, हे चालतंय की आपण? हनीफचाचांचा घोगरा आवाज तिनं पहिल्या दिवशीच बाजूला काढून ठेवला होता. ओळी चाचांनी वाचलेल्या, आवाज गेनबाचा. संध्याकाळी भाकरी थापताना ती तीच चार बोटं सासूला म्हणून दाखवी. धोंडाबाई म्हणत, आज एवढंच पुरं, आणि उरलेल्या ओळी उद्यावर ठेवत.

दुसऱ्या चार बोटांत वाळू निघाली. 'तिकडे झाड नाही, पाखरू नाही. पण पहाटे वाळूवर दव पडतं. आम्ही ताडपत्र्या पसरून ते धरायचो आणि पिळून तोंडाला लावायचो. मला आपला हरभरा आठवायचा.' हे ऐकून धोंडाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हरभऱ्याच्या पाल्यावर थंडीत आंबट दव धरतं, ती आंब. त्यावर फडकं पसरून सकाळी पिळून घेतलं की बाटलीभर पोटदुखीचं औषध वर्षभर पुरतं. धोंडाबाई दर साल ते धरत आणि गावाला थेंबथेंब देत. आपल्या लेकानं मुलखाच्या टोकाला जाऊन आंब धरली, हे त्यांनी आळीत घरोघर सांगितलं. त्याच्या शौर्याचा त्यांना एवढा अभिमान वाटला नसता.

तिसऱ्या चार बोटांत एक म्हातारी आली. कुठल्याशा परक्या गावात तिनं गेनबाला दारात बसवून जाड भाकरी आणि तेलातली कसलीशी काळी फळं दिली होती. 'ती बोलायची ते मला कळत नव्हतं आणि मी बोलायचो ते तिला. तरी दोघंही बराच वेळ बोलत होतो. पोटभर खाल्लं.' साळूला त्या म्हातारीचा हेवा वाटला. आठवडाभर ती त्या परक्या दारात पलीकडे बसून गेनबाला जेवताना बघत राहिली. तो तिच्याशी बोलायचा. पत्रात नसलेलंही बोलायचा. पाय भिजले बघ तुझे, म्हणायचा. पदर सावर, वारं आहे. ती मनात उत्तर द्यायची, कधी ओठांवरही यायचं, आणि शेजारणी एकमेकींकडे बघायच्या. तीन वर्षं तिनं एकटीनं काढली होती, आता तिला सोबत मिळाली. इतकं सुख तिला गेनबा घरात होता तेव्हा झालं होतं की नाही, देव जाणे. तेव्हा तो दिवसभर वावरात आणि संध्याकाळी पारावर असायचा.

चौथ्या बाजारी पौषाची थंडी चांगलीच लागली होती. हनीफचाचांनी चार बोटं वाचली. बेळगावची कवायत, लाल झालेली नाकं, आणि 'आता आपल्या हरभऱ्यावर आंब आली असेल'. मग नेहमीप्रमाणे टाचणी टोचायच्या ऐवजी त्यांनी ती दोन बोटांत धरून ठेवली.

म्हणाले, आता जेमतेम दोन बोटं शाईचं उरलं आहे. पण त्याच्या खाली, अगदी कडेला, शिसपेन्सिलीनं काही लिहिलं आहे. अक्षर वाकडंतिकडं आहे, उभ्याउभ्या लिहिल्यासारखं. मी वाचलेलं नाही, पण इतकी वर्षं कागद बघतोय. घाईत माणूस उगाच काही लिहीत नाही. तेवढं आज ऐकून जा.

साळूचा हात कागदाकडे गेला आणि थांबला. खरं सांगायचं तर क्षणभर तिचं मन डळमळलं. पण मग तिच्या डोळ्यांसमोर आला तो पुढचा आठवडा. टाचणी नाही, उरलेलं काही नाही, बाजाराला यायला कारण नाही. शेवट ऐकला की पत्र संपलं. मग हा माणूस बोलायचा थांबणार, आणि पुढचं पत्र कधी येणार कोण जाणे. ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या चाचा, पुढल्या बाजारी.

चाचांनी मशीनवरचा हात काढला. "पोरी, भोरात एक बाई हाय. लेकीच्या परकराला लई झ्याक कापड आणलं तिनं. नासंल म्हनून पेटीत ठिवलं. ह्या सणाला नगं, त्या सणाला नगं. एक दिवस माझ्याकडं घिऊन आली, तवर पोरगी वाढली हुती. कापड पुरंना. कातर लावायची येळ असती, ती गेली की ऱ्हायलेलं कापड कुनाच्या कामाचं?"

"माजा नवरा काय आता वाढतोय व्हय, चाचा?" साळू म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. चाचाही हसले. टाचणी टोचली गेली.

त्यानंतर तीन दिवसांनी पौषातली पुनव झाली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना साळू लोटा घेऊन हरभऱ्याच्या वावरात गेली. वावर अगदी सडकेला लागून, जिथं सडक वळण घेते तिथं. आदल्या संध्याकाळी तिनं पाल्यावर जुन्या लुगड्याचं फडकं पसरून ठेवलं होतं. सगळ्या खोऱ्यात धुकं उतरलं होतं. डोंगर नव्हता, गाव नव्हतं, बांधावरची बोर तेवढी अर्धी दिसत होती. ती फडकं उचलायची, लोट्यावर धरून पिळायची, पुन्हा पाल्यावरून ओढायची. बोटं गारठून लाल झाली होती आणि आंबेनं चुरचुरत होती. गेनबा बाजारापासून तेच तेच बोलत होता, आता आपल्या हरभऱ्यावर आंब आली असेल. आली की, ती म्हणत होती. ही काय धरतेय. तुमच्या वाळूतल्यापेक्षा चांगली आहे.

सडकेवर घरघर ऐकू आली. धुक्यातून पिवळे दिवे निघाले, एकामागून एक, आणि वळणाशी येऊन सावकाश झाले. पलटणीच्या मोटारी. आठवड्यातून कधीमधी जायच्या, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. शिपाई असले म्हणजे कुणीतरी शीळ घालतंच, तेव्हा बाईमाणसानं वाकलेलंच राहावं हे बरं. तिनं पदर पुढं ओढला आणि सडकेकडे पाठ केली.

"अगं... अगं ए, हिकडं बघ की."

साळू गालातल्या गालात हसली. महिना झाला, हा माणूस असाच बोलत होता. ओढ्यावर बोलायचा, जात्यावर बोलायचा, आज मोटारींच्या घरघरीत बोलला. "बघते की," ती पुटपुटली. "यवढं पिळून हुंद्या." तिनं फडक्याला चांगला पीळ दिला. शेवटचा थेंब लोट्यात पडेपर्यंत दिला, कारण थेंब वाया घालवणं तिला ठाऊकच नव्हतं. आणि मग कंबर सरळ करून वळून बघितलं. शेवटच्या मोटारीचा मागचा पडदा धुक्यात शिरत होता. सडकेवर पेट्रोलचा वास तेवढा राहिला. लोटा अर्धा भरला होता, म्हणून ती खुशीत घरी आली.

पाचव्या बाजाराला ती लवकर निघाली. आज शेवटची बोटं होती, त्यामुळे वाटेत तिला थोडं उदासही वाटत होतं. हनीफचाचांनी गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवलं, शाईतलं उरलेलं वाचलं. म्हशीची चौकशी होती, भावकीला रामराम होता, आईला पुन्हा दंडवत होता. मग चाचांनी कागद उजेडाकडे फिरवला आणि पेन्सिलीचं वाचायला लागले.

'अगं, हे तुला लिहितोय. आईला म्हणावं, रागावू नकोस. चिमाजी फाटकात उभा आहे आणि मला आत्ताच हुकूम समजला. पौषातली पुनव झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मोटारी पुण्याला जाणार, तिथून आगगाडीनं बंगालच्या पुढं. मोटार थांबवता येत नाही. पण आपल्या वावराशी वळणाला ती सावकाश होते. तू आणि आई बांधावर उभ्या राहा. मी वावराच्याच बाजूला बसेन. तीन वर्षं झाली, तुझं तोंड मला नीट आठवेनासं झालंय. एकदा बघून घेतो. मग कुठंही नेऊ देत.'

चाचांचा आवाज शेवटाला आला तेव्हा नुसता श्वास उरला होता. पुनव कधी झाली हे त्यांना सांगायला नको होतं. त्यांनी चष्मा काढला, कपाळाला हात लावला आणि साळूकडे बघायचं टाळून मशीनच्या चाकाकडे बघत बसले. बाजार चालू होता. कुणी मडकी वाजवून बघत होतं, कुणी शेळीचे दात बघत होतं.

आधी साळूला काहीच वाटलं नाही, आणि मग एकदम सगळं वाटलं. महिनाभर जे पत्र तिनं गालात धरलं होतं ते सासूला लिहिलेलं होतं. तिला लिहिलेल्या सात-आठ ओळी होत्या, आणि नेमक्या त्याच तिनं शिलकीत ठेवल्या होत्या. देवाकडे मागितलेलं देवानं दिलं होतं. वावराच्या बांधावर, हातभर अंतरावर आणून दिलं होतं. आणि तो हाक मारत असताना ती फडकं पिळत होती. स्वतःचं गेलं ते गेलं, म्हाताऱ्या आईचंही तिनं घालवलं होतं. धोंडाबाई त्या सकाळी घरात चुलीपुढं बसून निखारा फुंकत होत्या.

"पुन्यांदा वाचा," ती म्हणाली. "पयल्यापासून. थांबू नगा."

चाचांनी टाचणी काढून टाकली आणि दर्यापासून पेन्सिलीपर्यंत सगळं एका दमात वाचलं. दर्या, वाळू, म्हातारी, कवायत, सगळं तिच्या अंगावरून गेलं. तिनं त्यातलं काहीही धरून ठेवलं नाही. नंतर ती म्हणाली, कागद घ्या, मला उत्तर लिहायचं आहे. चाचांनी नेहमीसारखं कार्ड काढलं. साळूचं उत्तर त्यांना पाठ होतं, 'इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवणे'. दोन्ही वेळा तिनं तेवढंच लिहवलं होतं. जास्त शब्द कशाला नासायचे, असं तिचं म्हणणं. साळूनं कार्ड परत सारलं. मोठा कागद घ्या, म्हणाली.

"लिवा, म्या तितंच हुते. हरभऱ्यात हुते. पाठमोरी हुते."

चाचांनी लिहिलं.

"तुमचा आवाज आयकला. वळकला बी. वर न्हाई बघितलं."

चाचांची लेखणी थांबली. त्यांनी हळूच विचारलं, हे खरंच लिहायचं का, तो तिकडे लढाईत आहे, त्याच्या जिवाला काय वाटेल. धुकं होतं, काही दिसलं नाही, असं लिहू का?

"न्हाई. जे झालं त्ये लिवा. का न्हाई बघितलं त्ये बी लिवा. तुमचं पत्र म्या पुरवून आयकत हुते. महिनाभर तुमी रोजच बोलत हुता, मला अगं म्हनून. म्हनून वाटलं, रोजच्यावानी बोलताय. त्यात खरं कुटलं, मला कळलं न्हाई."

ती अशी सलग कधी बोललेली चाचांनी ऐकली नव्हती. लिहिता लिहिता पहिली बाजू भरली. त्यांनी कागद उलटला. तिनं सांगितलं, सासूबाईंना अजून ठाऊक नाही, आता घरी जाऊन सांगते, त्या बोलतील ते ऐकून घेईन. तिनं सांगितलं, तुम्हांला माझं तोंड आठवत नाही, तर उजव्या भुवईवर एक व्रण आहे, विळ्याचा, तिथून आठवायला लागा. दात पुढचा जरा वाकडा आहे. आता थोडी वाळले आहे. हे सगळं बाजारात, येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं. शेजारच्या पथारीवरच्या बाया कान देऊन बसल्या. चार हातांवर सासरची दोन माणसं उभी होती, त्यांच्याकडेही तिनं लक्ष दिलं नाही. डोळ्यांतलं पाणी खाली पडत होतं ते तिनं पुसलंही नाही.

आता जे सांगायचं होतं ते वरव्यातल्या कुठल्याही बाईनं आपल्या नवऱ्याला सांगितलेलं नव्हतं. तिथं नवरा बायकोला अगं म्हणतो, नाही तर ऐकलंस का म्हणतो. पोर झालं की पोराचं नाव घेऊन हाक मारतो. बायकोचं नाव घ्यायचं नाही, लोक हसतात.

"आन्‌ लिवा, पुन्यांदा ह्या सडकंनं आलात तर अगं म्हनू नका. समद्याच बायकास्नी अगं म्हंत्यात. नावानं हाक मारा. साळू म्हना. वरडून म्हना, समद्या पलटनीम्होरं म्हना. कोन काय बोललं त्ये म्या बघून घिते."

चाचांनी मान वर केली नाही. त्यांनी ते तसंच्या तसं लिहिलं, आणि 'साळू' लिहिलं तिथं बोट ठेवून तिला दाखवलं. साळूनं आपलं नाव आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेलं बघितलं. दोन अक्षरं. एवढंसं.

कागदाची खालची जवळजवळ अर्धी बाजू अजून कोरी होती. चाचांनी विचारलं, शेवटी खुशाली लिहून मिटवू का?

"न्हाई," साळू म्हणाली. "नाव लिवा. पान भरस्तवर लिवा."

हनीफचाचांनी लेखणी पुन्हा शाईत बुडवली. साळू बाजूला बसून बघत राहिली आणि ते ओळीखाली ओळ तिचं नाव लिहीत गेले.